सरकारी खर्चाच्या विधेयकाला मतदारनोंदणीचं शेपूट: अमेरिकेतला ‘सेव्ह’ वाद नेमका काय?

१८ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाऊसमध्ये, सरकारचा सहा महिन्यांचा खर्च भागवणारं विधेयक २०२ विरुद्ध २२० मतांनी पडलं. ते सभापती माइक जॉन्सन यांनी आणलं होतं आणि सभागृहात बहुमतही त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं होतं. तरी त्यांच्याच १४ सदस्यांनी विरोधात मत दिलं. वादाचं मूळ पैशात कमी आणि विधेयकाला जोडलेल्या दुसऱ्याच कायद्यात जास्त होतं. मतदार म्हणून नाव नोंदवताना नागरिकत्वाचा कागद दाखवलाच पाहिजे, असं तो कायदा म्हणत होता. त्याचं नाव ‘सेव्ह ॲक्ट’.

ती जोडणी तेव्हा फसली, पण कल्पना संपलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये हाच कायदा हाऊसमध्ये स्वतंत्रपणे २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर झाला. त्यामुळे हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायला हवं. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये मुलगी-जावई असलेल्या इकडच्या घरांनीही.

आधी पैशाचं गणित

अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. वर्षाचा खर्च १२ वेगवेगळ्या विधेयकांतून मंजूर व्हायचा असतो: संरक्षण, शेती, वाहतूक वगैरे. ही बाराही विधेयकं वेळेत मंजूर होणं इतकं दुर्मीळ आहे की १९७७च्या आर्थिक वर्षापासून ते फक्त चार वेळा घडलंय. शेवटचं १९९७च्या वर्षासाठी.

मग सप्टेंबरअखेर एक तात्पुरतं विधेयक आणतात. मागच्या वर्षी ज्या दराने खर्च चालू होता, साधारण त्याच दराने अमुक तारखेपर्यंत चालू ठेवा, एवढंच त्यात असतं. आपल्याकडे निवडणुकीच्या वर्षी सरकार ‘लेखानुदान’ घेतं, त्याचाच हा चुलतभाऊ.

फरक पडतो तो ते मंजूर झालं नाही तर. लोकसभेत सरकार पैशाच्या मागणीवर हरलं तर सरकारच पडतं. म्हणून कोणी त्या थराला जाऊ देत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जागेवरच राहतात, संसदही जागेवर राहते, आणि बंद पडतात ती कार्यालयं. संसदेने मंजूर न केलेला पैसा खर्च करायला तिथे एकोणिसाव्या शतकापासूनच्या कायद्याने बंदी आहे. १९८०-८१ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला: पैसे नाहीत तर, जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासारखी अत्यावश्यक कामं वगळता, कामच थांबवा. तिथून ‘शटडाऊन’ सुरू झाले.

२०१८-१९चा शटडाऊन ३५ दिवस चालला. सुमारे आठ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार अडकले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना बिनपगारी कामावर यावं लागलं. २०२५चा त्याहून लांबला: १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस.

याची झळ पुण्यापर्यंत कशी येते, तेही पाहा. एच-वन-बी व्हिसासाठी किंवा त्यावर नोकरी बदलण्यासाठी कंपनीला आधी अमेरिकेच्या कामगार खात्याकडून एक अर्ज प्रमाणित करून घ्यावा लागतो. एरवी त्याला कामाचे सात दिवस लागतात. २०१३ आणि २०२५च्या शटडाऊनमध्ये ही खिडकीच बंद झाली. व्हिसा अर्ज तपासणारं खातं फीवर चालतं म्हणून चालू होतं, पण त्याला जोडायचा कागद मिळत नव्हता.

शेपूट जोडणं म्हणजे काय

अशा ‘झालंच पाहिजे’ विधेयकाला भलताच विषय चिकटवण्याची युक्ती तिथे जुनी आहे. त्या चिकटवलेल्या कलमाला आपण शेपूट म्हणू.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. सोसायटीची वार्षिक सभा आहे. लिफ्टचं वार्षिक देखभाल कंत्राट आणि वॉचमनचा पगार परवा संपतोय. सेक्रेटरी ठराव मांडतात: ‘लिफ्ट आणि वॉचमनसाठी सहा महिन्यांचे पैसे मंजूर. तसेच यापुढे मूळ शेअर सर्टिफिकेट प्रत्यक्ष दाखवणाऱ्या सभासदाचंच नाव मतदार यादीत घेतलं जाईल.’ हात वर करा किंवा करू नका, दोन्ही मिळून एकच ठराव. विरोध केला तर लिफ्ट बंद पाडणारे तुम्ही. पाठिंबा दिला तर ज्यांचं सर्टिफिकेट बँकेत तारण आहे, ज्यांचं अजून आजोबांच्याच नावावर आहे, ते यादीबाहेर. बाहेरच्या लोकांनी मतदान करू नये यावर सभेत कोणाचंच दुमत नाही. पण बाहेरच्या किती जणांनी आजवर मत दिलंय, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये साधारण हेच घडलं. खर्चाचं विधेयक २८ मार्च २०२५ पर्यंतचं होतं आणि त्याला सेव्ह ॲक्टचं शेपूट होतं. डोनाल्ड ट्रम्प यांचा आग्रह होता की शेपूट नसेल तर खर्चालाही होकार देऊ नका. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी आपण ते नाकारू असं आधीच कळवलं होतं. वरिष्ठ सभागृहात, सेनेटमध्ये, बहुमत डेमोक्रॅट्सचं होतं. शिवाय तिथे चर्चा संपवून मतदानापर्यंत पोहोचायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. म्हणजे गाडी पुढच्याच स्टेशनवर अडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विरोधक एकाच कारणाने विरोधक नव्हते. डेमोक्रॅट्सचा आक्षेप शेपटाला होता, तरी त्यांच्यातल्या तिघांनी बाजूने मत दिलं. काही रिपब्लिकनांना तात्पुरती विधेयकंच मान्य नव्हती. लष्कराची चिंता करणाऱ्यांना वाटत होतं की सहा महिने जुन्याच दराने पैसे मिळाले तर नवी कामं सुरूच करता येणार नाहीत. आठवडाभरात, २५ सप्टेंबरला, शेपूट काढलेलं विधेयक हाऊसमध्ये ३४१ विरुद्ध ८२ आणि सेनेटमध्ये ७८ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झालं. मुदत २० डिसेंबरपर्यंतची. शेपटाविना एवढं बहुमत मिळतं, यातच खोळंबा कशाचा होता ते दिसतं.

सेव्ह ॲक्ट काय मागतो

सध्याची पद्धत अशी. अर्जदार आपण नागरिक असल्याचं शपथेवर लिहून देतो. खोटं लिहिलं तर तुरुंगवास. सोबत वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (तिथला आपल्या आधारसारखा क्रमांक) शेवटचे चार आकडे द्यावे लागतात आणि ते सरकारी नोंदींशी ताडून पाहतात. परदेशी नागरिकाने राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं १९९६पासून स्पष्टपणे गुन्हा आहे: वर्षापर्यंत कैद, आणि शिवाय देशातून हकालपट्टी.

सेव्ह ॲक्टला शपथ पुरत नाही, कागद लागतो. पासपोर्ट असेल तर तो एकटा पुरतो. नाहीतर फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणि त्याच्या जोडीला जन्मदाखला किंवा नागरिकत्व मिळाल्याचं प्रमाणपत्र. पोस्टाने अर्ज केला तरी हे कागद कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष दाखवायचे. अलास्कात अनेक गावांना रस्ताच नाही, विमानाने जावं लागतं. तिथल्या माणसाला याचा अर्थ विचारा.

आपल्याकडच्या वाचकाला पटकन वाटतं, ‘मग लायसन्स दाखवा की!’ इथेच गोम आहे. अमेरिकेतला बहुतेक वाहन परवाना नागरिकत्वाबद्दल काहीच सांगत नाही. ग्रीन कार्डवर असलेल्या इंजिनिअरला जे ‘रिअल आयडी’ कार्ड (केंद्राच्या निकषांनुसार दिलेलं ओळखपत्र) मिळतं, तेच त्याच्या अमेरिकेत जन्मलेल्या शेजाऱ्यालाही मिळतं. नागरिकत्व तपासून दिला जाणारा खास ‘एनहान्स्ड’ परवाना फक्त पाच राज्यं देतात: मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन.

आणखी एक कलम फारसं चर्चेत येत नाही, पण खरी मेख तिथे आहे. कागद न घेता कोणाची नोंदणी केली तर कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि खासगी नागरिकही त्याच्यावर दावा लावू शकतो. ज्यांच्याकडे ठरावीक कागद नाहीत त्यांच्यासाठी कायद्यात पर्यायी वाट आहे, हे खरं. इतर पुरावे द्या, कर्मचाऱ्याची खात्री पटली तर तो तसं प्रतिज्ञापत्र करून तुमची नोंदणी करेल. पण खिडकीमागच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हो म्हटलं तर तुरुंगाची टांगती तलवार, नाही म्हटलं तर काहीच नाही. तो काय म्हणेल?

त्यात घाई. कायदा सही होताच लागू. मार्गदर्शक सूचना काढायला केंद्रीय यंत्रणेला दहा दिवस. हाऊसमधल्या सप्टेंबर २०२४च्या मतदानापासून ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत उरले होते ४८ दिवस. परदेशातल्या सैनिकांच्या मतपत्रिका कायद्याने ४५ दिवस आधी रवाना व्हाव्या लागतात, म्हणजे तीनच दिवसांनी. नवी खिडकी, नवा अर्ज, नवं प्रशिक्षण, आणि राज्यांना त्यासाठी वेगळा एक डॉलरही नाही.

कॅन्ससने हे करून पाहिलंय

परिणाम काय होईल याचा अंदाज बांधायची गरज नाही, कारण एका राज्यात हा प्रयोग झाला आहे. जानेवारी २०१३ पासून कॅन्ससने नव्या मतदारांना नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. पुढाकार होता तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुका सांभाळणारे अधिकारी, क्रिस कोबाक यांचा.

अर्ज आला आणि कागद नसला की तो ‘स्थगित’ यादीत जायचा. ९० दिवसांत कागद आला नाही तर रद्द. अशा स्थगित आणि रद्द अर्जांचा आकडा ३१ हजारांच्या पुढे गेला. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के. म्हणजे दर आठांत एक. त्यांत तरुण आणि कोणत्याच पक्षाशी नाव न जोडलेले मतदार मोठ्या प्रमाणात होते.

प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांच्यासमोर सरळ प्रश्न होता: परदेशी किती सापडले? १९ वर्षांत मतदार यादीत पोहोचलेले जास्तीत जास्त ३९. त्यांतही बरेचसे गैरसमजातून किंवा कारकुनी चुकीतून. अडवलेले जवळपास सगळे नागरिकच होते. २०१८ मध्ये कायदा रद्द झाला, वरच्या कोर्टाने २०२० मध्ये तो निकाल कायम केला, आणि त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

३९ परदेशी शोधायला ३१ हजार अर्ज अडवले. एकामागे साधारण आठशे. माशी मारायला हातोडा घेतला तर किमान माशी तरी मरते. इथे खिडकीच फुटली.

ॲरिझोनाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची. तिथे २००४ पासून कागद लागतो. पण राष्ट्रीय, म्हणजे केंद्र सरकारचा, नोंदणी अर्ज भरणाऱ्याला राज्य अडवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं. म्हणून तिथे दोन प्रकारचे मतदार आहेत. कागद दिलेले सगळ्या जागांसाठी मत देतात, न दिलेले फक्त राष्ट्रीय निवडणुकीत. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये शेपटावर भांडण चाललेलं असतानाच, ॲरिझोनाला कळलं की ऑक्टोबर १९९६ पूर्वी परवाना काढलेल्या हजारो लोकांना वाहन खात्याच्या संगणकाने चुकून ‘कागद दिलेले’ धरलंय. सुरुवातीला आकडा होता ९८ हजार, पुढे तो दोन लाखांपलीकडे गेला. वीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पूर्ण मतदान करू दिलं म्हणून निभावलं.

‘पण आपण भारतात ओळखपत्र दाखवतोच की’

दाखवतो, मतदान केंद्रावर. सेव्ह ॲक्टचा वाद त्याच्या आधीच्या पायरीचा आहे: यादीत नाव येण्याचा. भारतात यादीत नाव घालण्यासाठीच्या फॉर्म ६ मध्येही वय आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि नागरिकत्वाबद्दल अर्जदार घोषणा करतो. खोटी केली तर १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली वर्षापर्यंत शिक्षा. म्हणजे रचना अमेरिकेच्या सध्याच्या पद्धतीसारखीच. ती बदलायला गेलं की काय गोंधळ होतो, ते २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीच्या पुनरीक्षणात दिसलं. कोणते कागद चालतील हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आधीच्या अकरा कागदांत आधार बारावा म्हणून घ्यायला लागला.

‘नागरिकांकडे कागद नसेल असं कसं होईल?’

असतो, पण हाताशी नसतो. अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या लोकांकडे चालू पासपोर्ट नाही. पहिल्यांदा काढायचा तर १६५ डॉलर. जन्मदाखला आईकडे दुसऱ्या राज्यात, किंवा घराला आग लागली त्यात गेलेला. ब्रेनन सेंटर या संस्थेच्या पाहणीनुसार मतदानाच्या वयाच्या दोन कोटींहून अधिक नागरिकांना असा कागद सहज काढून दाखवता येणार नाही.

मग नावांचा घोळ. प्यू संस्थेच्या २०२३च्या पाहणीत पुरुषाशी लग्न केलेल्या दहापैकी सुमारे आठ महिलांनी नवऱ्याचं आडनाव घेतलेलं आढळलं. जन्मदाखल्यावर एक नाव, परवान्यावर दुसरं. कायदा म्हणतो, नावं जुळत नसतील तर काय करायचं ते प्रत्येक राज्याने ठरवावं. थोडक्यात, पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा. न्यू हॅम्पशायरमध्ये असाच राज्यपातळीवरचा नियम लागू झाल्यावर मार्च २०२५च्या गावनिवडणुकांत विवाहाचा दाखला आणायला परत जावं लागलेल्या महिला होत्याच.

‘एक जरी परदेशी मत पडलं तरी वाईटच ना?’

वाईटच. म्हणूनच गुन्हा आहे, आणि पकडलेही जातात. जॉर्जियाने २०२४ मध्ये आपली सगळी यादी तपासली: ८२ लाख मतदारांत २० परदेशी सापडले. तपासणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट रिपब्लिकन होते, हेही सांगायला हवं. ही तपासणी सरकारकडे आधीच असलेल्या नोंदी वापरून झाली. मतदाराला रांगेत उभं न करताही हे काम होतं. नोंदी चांगल्या करायला पैसे द्या, कर्मचारी द्या, असा कायदा आणला तर त्याला विरोध करणं अवघड जाईल. या विधेयकात ते नाही.

‘८३ टक्के लोकांना हे हवंय’

गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या २०२४च्या पाहणीत पहिल्यांदा नोंदणी करताना नागरिकत्वाचा पुरावा मागायला ८३ टक्क्यांनी पाठिंबा दिला, हे खरंय आणि ते झटकून टाकता येत नाही. पण प्रश्न तत्त्वाचा होता. ‘सोसायटीत बाहेरच्यांनी मत देऊ नये का?’ याला सगळेच हो म्हणतील. ‘तुमचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे?’ हा पुढचा प्रश्न. लोकांना हवं असेल तर कायद्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी, दुरुस्त्या याव्यात, अंमलबजावणीला दोन वर्षं द्यावीत. खर्चाच्या विधेयकाला बांधलं की यातलं काहीच होत नाही, कारण घड्याळ ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीकडे धावत असतं.

‘डेमोक्रॅट्सनीही असंच केलंय’

केलंय. जानेवारी २०१८ मध्ये लहानपणी अमेरिकेत आणलेल्या स्थलांतरितांच्या प्रश्नावरून तीन दिवस सरकार बंद पडलं. २०२५चा ४३ दिवसांचा शटडाऊन आरोग्य विम्याच्या अनुदानावरून होता. अनुदान निदान खर्चाचाच भाग आहे. स्थलांतराच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही. ज्यांना सेव्हचं शेपूट खटकतं त्यांनी दुसऱ्या बाजूची शेपटंही खटकवून घ्यायला हवीत.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

नागरिकत्व घेतलेल्यांना यात खास धोका आहे, कारण सरकारी नोंदी जुन्या राहतात. परवाना काढला तेव्हा एच-वन-बी किंवा ग्रीन कार्ड होतं, पुढे नागरिकत्व मिळालं, पण वाहन खात्याच्या संगणकात अजून ‘परदेशी’च. जानेवारी २०१९ मध्ये टेक्ससने अशाच नोंदींवरून सुमारे ९५ हजार मतदारांना संशयित ठरवलं. काही दिवसांतच कळलं की त्यांतल्या सुमारे २५ हजारांनी नागरिकत्वाचा पुरावा आधीच दिलेला होता. प्रकरण कोर्टात गेलं, राज्याला माघार घ्यावी लागली आणि संबंधित सेक्रेटरी ऑफ स्टेटची खुर्ची गेली.

म्हणून नागरिकत्वाची शपथ झाल्यावर वाहन खात्यात आणि सोशल सिक्युरिटी कार्यालयात नोंद बदलून घ्या. पासपोर्ट लगेच काढा, कारण प्रमाणपत्र हरवलं तर बदली प्रत पाचशेहून अधिक डॉलरला पडते आणि यायला महिने लागतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हा घोळ ठरलेला, आणि कुठे कुठे लग्नात पहिलं नावही बदलतं. तेव्हा सगळ्या कागदांवर एकच नाव एकाच क्रमाने असू द्या. तिथेच जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यावर जोशी आणि परवान्यावर कुलकर्णी असेल, तर विवाहाचा अधिकृत दाखला पासपोर्टसोबतच ठेवा. दुसऱ्या राज्यात घर बदललं की मतदारनोंदणी नव्याने करावी लागते. आपलं नाव यादीत आहे का ते राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर निवडणुकीच्या दोन महिने आधीच बघा.

आणि जे अजून नागरिक नाहीत, त्यांनी वाहन परवान्याच्या अर्जात ‘मतदार म्हणून नोंदणी करायची आहे का’ या प्रश्नापाशी थांबून वाचावं. खिडकीवरचा माणूस सगळ्यांनाच तो प्रश्न सवयीने विचारतो. तिथे चुकून पडलेली ‘हो’वरची खूण नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकते, आणि ग्रीन कार्डवरच्या माणसाला ती पुढे आयुष्यभर भोवते.